पन्नास हजार कॉप्यांपर्यंत म्हणे माफ!

गेल्या रविवारी नाशिकहून काकूंचा फोन आला. आवाजात लॉटरी लागल्याचा आनंद. "अगं, आपण उगाच घाबरत होतो! पन्नास हजार कॉप्यांपर्यंत रॉयल्टी माफ आहे. आम्ही तर दोनशेच पेनड्राइव्ह काढतोय!"

काकू आणि त्यांच्या चार मैत्रिणी दर गुरुवारी जमून भावगीतं गातात. यंदा दिवाळीसाठी त्यांनी गंगापूर रोडवरच्या एका छोट्या स्टुडिओत आठ जुनी गाणी रेकॉर्ड केली. दीडशे पेनड्राइव्ह भेट द्यायला, पन्नास दिवाळीच्या प्रदर्शनात विकायला. माझं पोट गोरेगावात मालिकांसाठी गाण्यांच्या परवानग्या मिळवण्यावर चालतं, म्हणून मी महिनाभरापूर्वीच त्यांना म्हटलं होतं की हक्क कोणाकडे आहेत ते आधी बघू. ते बघून होण्याआधी हा फॉरवर्ड त्यांच्याकडे पोचला. 'गाण्यांच्या नावाखाली होणारी लूट थांबवा!' असा मथळा, खाली सात मुद्दे आणि प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. त्याच आठवड्यात मला तो आणखी तिघांनी पाठवला. त्यातला एक मालिकेचा असिस्टंट डायरेक्टर आहे. आता काय बोलणार.

फॉरवर्डचं म्हणणं असं: सरकारने गाण्यांचा दर ठरवून दिलाय, रेडिओ-टीव्हीला २ टक्के. जुनं गाणं नव्याने रेकॉर्ड केलं तर ५० हजार प्रतींपर्यंत काही द्यावं लागत नाही. ६० वर्षं झालेलं गाणं फुकट. ३० सेकंदांपर्यंत कुठलंही गाणं फुकट. सोसायटीची, म्हणजे हक्कवाल्यांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या संस्थेची, पावती एकदा घेतली की मालिका, यूट्यूब, कार्यक्रम, सगळीकडे चालते. लग्नात पैसे लागत नाहीत. आणि शेवटचं, पैसा सगळा कंपन्या खातात, गीतकार-संगीतकाराला छदाम मिळत नाही.

आधी पन्नास हजार, कारण माझं डोकं त्यानेच फिरलं.

कॉपीराइट अधिनियम १९५७, कलम ३१-सी. हे २०१२ च्या दुरुस्तीत आलं. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपून पाच कॅलेंडर वर्षं गेली, की तेच गाणं दुसऱ्या कलाकारांकडून गाऊन घेऊन नवं ध्वनिमुद्रण काढता येतं. मालकाने नाही म्हटलं तरी. ट्रेडमध्ये यालाच कव्हर व्हर्जन म्हणतात. त्यासाठी आधी नोटीस द्यायची, कव्हर किंवा लेबलची प्रत आधी दाखवायची आणि ठरवून दिलेल्या दराने (हे काम पूर्वी कॉपीराइट बोर्डाचं, आता कमर्शियल कोर्टाचं) रॉयल्टी आगाऊ भरायची. पुढे स्पष्ट लिहिलंय की दर कॅलेंडर वर्षी प्रत्येक कृतीमागे किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरावीच लागेल.

किमान. 'पर्यंत माफ' नव्हे. ज्याने कोणी हा फॉरवर्ड रचला त्याने आकडा बरोबर उचलला आणि अर्थ उलटा करून टाकला. काकूंनी या कलमाचा आधार घेतला तर पेनड्राइव्ह दोनशेच असले तरी हिशेब प्रत्येक गाण्यामागे पन्नास हजारांचा. आठ गाणी, म्हणजे चार लाख प्रतींची रॉयल्टी, तीही रेकॉर्डिंगच्या आधी. फुकट समजून माणूस ज्या दारात शिरतो, नेमकं तेच सगळ्यांत महाग निघतं.

याच कलमात एक बारीक सवलत आहे, ती मात्र फॉरवर्डवाल्याच्या नजरेतून सुटली. एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या गाण्यांचा खप मुळातच कमी असेल, तर ही किमान संख्या खाली आणायचा अधिकार दर ठरवणाऱ्यालाच दिलेला आहे. मराठी भावगीतांसाठी यावर कुणी बोंब मारायला हवी होती.

बाकीच्या अटीही वाचून घ्या. मूळ शब्दांत आणि चालीत, तांत्रिक गरज सोडली तर, आपल्या मनाने बदल करायचा नाही. ही कव्हर व्हर्जन आहे हे वेष्टनावर छापायचं. आणि आधीच्या ध्वनिमुद्रणातल्या गायकाचं नाव किंवा चित्र वेष्टनावर येता कामा नये. काकूंनी मला डिझाइन पाठवलं होतं. वर निरांजन, मधोमध मूळ गायिकेचा कृष्णधवल फोटो, आणि खाली, अगदी बारीक अक्षरांत, या पाच जणींची नावं. श्रद्धेने केलंय हे मला कळतं. कायद्याला तो फोटो म्हणजे ग्राहकाची दिशाभूल वाटते.

म्हणून माझ्या पाहण्यातले लहान निर्माते या कलमाच्या वाटेला जात नाहीत. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला पत्र लिहायचं, किती प्रती काढणार ते खरं सांगायचं आणि रक्कम बोलून ठरवायची.

दुसरा घातक मुद्दा ६० वर्षांचा. हा अर्धवट खरा आहे, म्हणून जास्त पसरतो. एका गाण्यात तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण, हे खरं. १९५५ साली निघालेल्या तबकडीवरचं संरक्षण २०१५ च्या अखेरीस संपलं. पण शब्द आणि चाल यांची ६० वर्षं गाण्याच्या वयावरून मोजतच नाहीत. ती त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर, पुढच्या १ जानेवारीपासून सुरू होतात.

ग. दि. माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ ला गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत. सुधीर फडके २९ जुलै २००२ ला गेले, म्हणून बाबूजींच्या चालीवरचा हक्क २०६२ च्या शेवटापर्यंत. दोघांचं १९५५ चं गाणं तुम्हाला 'सत्तर वर्षांचं जुनं' वाटेल, पण ते नव्याने गायचं तर दोन्ही हक्क जिवंत आहेत. तुकोबांचे शब्द मोकळे, पण श्रीनिवास खळ्यांनी अभंगाला लावलेली चाल मोकळी नाही. खळेकाका २०११ साली गेले, हिशेब तुम्हीच करा. भा. रा. तांबे १९४१ साली गेले, त्यांची कविता केव्हाच सर्वांची झाली. तिला तुम्ही स्वतः चाल लावा, कोणी विचारणार नाही. मात्र जी चाल तुमच्या कानात बसलीय ती दुसऱ्या कुणाची तरी आहे.

काकूंच्या आठपैकी सहा गाणी या गणितात अडकली.

आता 'सरकारी दर'. २ टक्क्यांचा आकडा हवेतून आलेला नाही. कॉपीराइट बोर्डाने २५ ऑगस्ट २०१० ला खासगी एफएम रेडिओच्या प्रकरणात तो दर लावला होता, जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नावर. पुढे ३१ डिसेंबर २०२० ला, त्या बोर्डाची जागा घेतलेल्या बौद्धिक संपदा अपील मंडळाने रेडिओसाठी टक्केवारीऐवजी नीडल अवरचा हिशेब आणला. नीडल अवर म्हणजे आरजेची बडबड वगळून गाणं प्रत्यक्ष जितका वेळ वाजलं तो वेळ. एप्रिल २०२१ मध्ये ते मंडळच बरखास्त झालं आणि हे काम कमर्शियल कोर्टाकडे गेलं. २०२० च्या या दराचं मूळ आहे कलम ३१-डी, म्हणजे ठरलेला दर भरून गाणं प्रसारित करू देणारं कलम, आणि त्यातच लिहिलंय की रेडिओचा आणि टीव्हीचा दर वेगवेगळा ठरवायचा. तेव्हा रेडिओचा एक जुना दर उचलून टीव्हीला चिकटवणं हा निव्वळ आळस आहे. ऑनलाइन ॲपवाल्यांनीही या कलमाची सावली घ्यायचा प्रयत्न केला होता. टिप्स (संगीत कंपनी) विरुद्ध विंक (गाण्यांचं ॲप) या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की हे कलम रेडिओ-टीव्हीच्या प्रसारणासाठी आहे, इंटरनेटसाठी नाही. खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तेच कायम केलं.

आणि त्या असिस्टंट डायरेक्टरसाठी खास: ३१-डी हे वाहिनीला गाणं प्रसारित करण्यापुरतं आहे. मालिकेच्या दृश्यात गाणं बसवणं ही वेगळी गोष्ट. तिला आम्ही सिंक म्हणतो आणि तिला सरकारी दर नाही. चित्रीकरणात गाणं वापरू द्यायचं की नाही, हे मालक ठरवतो. नाही म्हणाला तर विषय संपला.

हे दर ठरतात कसे, ते एका दृश्यावरून सांगते. सून ओट्यापाशी कणीक मळतेय आणि एक जुनं गाणं गुणगुणतेय. इथे मला शब्द आणि चाल यांची परवानगी लागते. मूळ ध्वनिमुद्रण वापरलंच नाही, त्यामुळे त्याची लागत नाही. आता दिग्दर्शकाने सेटवर ठरवलं की नको, फडताळावरचा रेडिओच वाजू दे. झालं. मूळ गायिकेचा आवाज आला, म्हणजे ध्वनिमुद्रणाची, आमच्या भाषेत मास्टरची, परवानगी वेगळी. जुन्या गाण्यांत बऱ्याचदा दोन्ही हक्क एकाच कंपनीकडे असतात, तेव्हा एका मेलवर काम होतं. दोघांकडे असले तर दोन्हीकडे घासाघीस, आणि एक बाजू हमखास म्हणते, 'समोरच्याला जे द्याल तेच आम्हाला.' याला मोस्ट फेव्हर्ड नेशन कलम म्हणतात. त्यापायी ठरत आलेला सौदा शेवटच्या दिवशी दुप्पट झालेला मी पाहिलाय.

मी मेलमध्ये लिहिते: किती सेकंद, पार्श्वभूमीला की पात्र गाणार, शीर्षकगीत आहे का, प्रोमोत वापरणार का, फक्त वाहिनीवर की ॲपवरही, फक्त भारतात की जगभर, किती वर्षांसाठी. यातल्या प्रत्येक ओळीने आकडा हलतो. प्रोमो म्हटलं की वाढतो, 'सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' म्हटलं की उडी मारतो. रकमा इथे सांगता येत नाहीत, करारात गुप्ततेचं कलम असतं.

अमेरिकेचं उदाहरण देणारेही भेटतात, तिथे म्हणे सगळं ठरलेलं असतं. तिथे ध्वनिमुद्रणाच्या प्रतींसाठी कायद्याने ठरलेला दर आहे हे खरं. १९०९ च्या कायद्याने तो गाण्याच्या एका प्रतीमागे २ सेंट ठरला आणि १९७७ सरेपर्यंत तसाच राहिला. २००६ ते २०२२ तो ९.१ सेंट होता, २०२३ ला १२ झाला. पण टीव्हीच्या दृश्यात गाणं बसवायचं तर तिथेही बोलाचालीच करावी लागते.

तीस सेकंदांचं काय? कायद्यात सेकंद हा शब्दच नाही. टीका, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, खासगी वापर यांसाठी सूट आहे, ती हेतू बघून. एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये इंडिया टीव्हीच्या प्रकरणात एका गाण्याच्या ओळीचा जाहिरातीतला वापर आणि मुलाखतीत गायिकेने स्वतःच्याच गाण्यांची गायलेली कडवी क्षुल्लक मानली होती. तो निकाल त्या वस्तुस्थितीवर होता. घड्याळ लावून नव्हता.

सोसायटीची पावती: आयपीआरएस शब्द आणि चाल बघते, पीपीएल ध्वनिमुद्रणं. कार्यक्रमासाठी घेतलेल्या लायसन्सवर मालिकेत गाणं बसवता येत नाही. पुढे.

लग्नाचा मुद्दा बराचसा बरोबर आहे. कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना सूट आहे, आणि वरात व लग्नाशी निगडित सोहळेही त्यात धरलेत. पण हॉटेलातल्या डीजे नाइटवर भांडणं चालूच असतात. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये यावर परिपत्रक काढलं, ते उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि त्यावर मला फॉरवर्डवाल्याशी धड भांडताही येत नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट संगीताचे हक्क निर्मात्याच्या बाजूने लावले आणि पुढची पस्तीस वर्षं गीतकार-संगीतकार एकरकमी पाकिटावर घरी गेले. माझ्या ओळखीचे एक संगीतकार आहेत, त्यांची एक चाल आजही रोज कुठे ना कुठे वाजते. करारावर सही करताना त्यांनी वाचलं होतं फक्त चेकवरचं नाव. २०१२ च्या दुरुस्तीने हे बदललं. सिनेमा किंवा ध्वनिमुद्रणासाठी केलेल्या गाण्यावर गीतकार आणि संगीतकाराला हक्क घेणाऱ्या कंपनीच्या बरोबरीने वाटा मिळतो, सिनेमागृहात चित्रपट दाखवणं तेवढं सोडून. हा हक्क कंपनीला लिहून दिला तरी जात नाही. वारसांना किंवा सोसायटीला देता येतो, बस.

मग पैसे पोचत का नाहीत? पुष्कळदा क्यू शीटमुळे. भागात कुठलं गाणं किती सेकंद वाजलं, कोणाचे शब्द, कोणाची चाल, याचा तक्ता. टीव्हीवरच्या रॉयल्टीची वाटणी त्यावर ठरते. आमच्याकडे हा तक्ता रात्री एक वाजता, टेप वाहिनीला पाठवायच्या घाईत, सगळ्यांत नवखा मुलगा भरतो. 'संगीतकार' रकान्यात 'पारंपरिक' लिहिलेलं मी स्वतः किती वेळा खोडलंय. तेव्हा छदाम मिळत नाही हे खोटं, कमी मिळतो हे खरं. आणि त्यात कंपन्यांइतकाच आपल्या आळसाचाही हात आहे.

काकू, तुम्हाला पत्राचा मसुदा पाठवलाय. त्यात आठही गाण्यांची नावं, दोनशे प्रती, पेनड्राइव्ह आणि पन्नास विक्रीला, असं खरं खरं लिहा. उत्तर येईपर्यंत छपाई थांबवा. आणि ते कव्हर आधी बदला. तुम्हा पाच जणींचा कोजागिरीचा फोटो आहे ना गच्चीवरचा, तो टाका. नावं मोठ्या अक्षरांत.