टोकं सारखी, पोट वेगळं

यूएसबी-सी आल्यावर एकच केबल सगळ्याला चालेल असं सांगितलं गेलं. टोक एक झालं, हे खरं. पण आत काय भरलंय ते बहुतेक केबलींवर लिहिलेलंच नसतं, संताप येतो तो याचा!

फोन लॅपटॉपला जोडला, चार्जिंग सुरू, फोटो मात्र दिसत नाहीत. आधी फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडून बघा. तरीही नाही? मग केबलमध्ये बहुधा डेटाच्या तारा घातलेल्याच नाहीत. स्वस्त इअरबड, पॉवर बँक यांच्यासोबतच्या आखूड केबली बऱ्याचदा अशाच असतात. डेटा नेणाऱ्यांतल्याही कित्येक यूएसबी २.० च्या, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. वेगवान एसएसडी (फाइली साठवायची ड्राइव्ह) त्यांच्यावर अक्षरशः रांगते. ४० गिगाबिटची केबल दिसायला हुबेहूब तशीच.

चार्जिंगचीही तीच रड. ३ अँपिअरच्या वर प्रवाह हवा तर सी-टू-सी केबलमध्ये, म्हणजे दोन्ही टोकं सी असलेल्या केबलमध्ये, ई-मार्कर चिप लागते; केबल किती प्रवाह झेपवते ते ती चार्जरला सांगते. ती नसेल तर १०० वॉटचा चार्जरही ६० वॉटवर अडतो. काही ट्रिमर, टॉर्च तर सी-टू-सी केबलवर चार्जच होत नाहीत, कारण 'इथे वीज हवी आहे' हे चार्जरला कळवणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर उपकरणात बसवलेले नसतात. एवढ्याशा भागांत कसली काटकसर करता? मग ग्राहकाने जुनी ए-टू-सी केबल (एका टोकाला जुना, रुंद यूएसबी प्लग असलेली) शोधत बसायचं.

केबलवर वॉट आणि गिगाबिट छापायला काय जातं? तोवर घरातल्या प्रत्येक केबलला कागदी चिकटपट्टी लावा आणि पेनाने लिहून ठेवा: डेटा जातो की नाही, किती वॉट.