झुलत्या पुलावर कसे वागावे

पूल बंद आहे एवढ्या कारणावरून बेत रद्द करू नका. ऋषिकेशचा लक्ष्मणझुला जुलै २०१९ मध्ये प्रशासनाने धोकादायक ठरवून बंद केला. मनोरे एका बाजूला कललेत, आता भार पेलवणार नाही, असं तज्ज्ञांचं म्हणणं पडलं. तज्ज्ञांचं काय, त्यांना पगारच त्याचा मिळतो. आपण मात्र पॅकेजचे पैसे माणशी मोजलेत, सहलीच्या पत्रकावर लक्ष्मणझुल्याचा फोटो आहे आणि त्या फोटोत मनोरे अगदी सरळ उभे आहेत. तेव्हा टूर मॅनेजरला पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी गाठून विचारायचं, "बंद म्हणजे किती बंद?" आपल्या देशात कुठल्याही बंद गोष्टीबद्दल हा प्रश्न विचारता येतो आणि सहसा उत्तरही आशादायक मिळतं.

निघण्यापूर्वी इतिहास वाचून ठेवा. बरोबरच्या मंडळींना बसमध्ये चार गोष्टी ऐकवल्या की पुढची खिडकी आपोआप मिळते. लक्ष्मणाने इथेच तागाच्या दोरांवरून गंगा ओलांडली, ही कथा तुम्हाला प्रसादाच्या दुकानातला पोऱ्याही सांगेल. त्यापुढचं तुम्ही सांगा. कलकत्त्याच्या सूरजमल झुनझुनवाला यांच्या दानातून १८८९ मध्ये इथे २८४ फुटांचा तारदोरांचा पूल झाला. तो ऑक्टोबर १९२४ च्या महापुरात वाहून गेला. मग १९२७ ते १९२९ मध्ये नवा बांधला आणि संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर माल्कम हेली यांनी ११ एप्रिल १९३० ला तो वाहतुकीला खुला केला. दोन मनोऱ्यांमधलं अंतर ४५० फूट, वाटेची रुंदी ६ फूट. हे सगळं पुलापाशीच्या पाटीवर कोरलेलं आहे. त्याच पाटीवर असंही म्हटलंय की जीप जाऊ शकेल असा उत्तर प्रदेशातला हा पहिला झुलता पूल. जीप जन्माला आली दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे पूल तिच्याआधी दहाएक वर्षं तयार होऊन तिची वाट बघत होता. बांधकाम खात्याने एवढी दूरदृष्टी नंतर कधी दाखवल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही.

आणखी एक माहिती खास मराठी श्रोत्यांसाठी. पुलाचं एक टोक तपोवनला, टिहरी जिल्ह्यात. दुसरं जौंकला, पौडी जिल्ह्यात. सीमेवरच्या विहिरीवरून दोन ग्रामपंचायती कशा भांडतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष पुलावर. पाटीतला ६ फूट हा आकडा मनात धरून चालू लागा. मधोमध पोचेपर्यंत समोरून एक गाय येईल. ती थांबणार नाही, कारण ती रोजची आहे आणि तुम्ही पाहुणे. गाईच्या मागे स्कूटर, स्कूटरवर तिघं, पुढे पायाशी गॅसचा सिलिंडर. हॉर्न वाजतोय तो गाईसाठी नाही, तुमच्यासाठी. तुम्ही कठड्याला पाठ टेकता. त्याच क्षणी आपल्या गटातल्या काकू पर्समधून वेफर्सचं पाकीट काढतात. उभ्या सळीला एका हाताने धरून बसलेलं माकड बराच वेळ याच क्षणाची वाट पाहत असतं. पाकीट जातं, बरोबर चष्माही जातो, काकू किंचाळतात, स्कूटरवाला ब्रेक दाबतो आणि मागचे पन्नास जण काय झालं ते पाहायला एकाच कठड्याकडे धावतात. पूल त्या बाजूला थोडा कलतो. इथे घाबरायचं नाही. इथे व्हिडिओ सुरू करायचा.

पायी चालणाऱ्यांच्या पुलावर दुचाकी कशी, असला प्रश्न विचारून हसं करून घेऊ नका. दुचाकी बंद करून ढकलत नेली की ती पायी चालणारी झाली, असा एक मतप्रवाह आहे. दुसरा मतप्रवाह ती बंदही करत नाही.

झुलता पूल आहे, तर तो झुलला पाहिजे. पैसे वसूल होण्याचा एवढाच काय तो मार्ग. गटात पंचविशीच्या आतली दोन-चार पोरं असतील तर त्यांच्यावर ही जबाबदारी सोपवा. दोन्ही कठडे धरायचे, गुडघ्यात वाकायचं आणि एका तालात दाब द्यायचा. ताल महत्त्वाचा. १८३१ मध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन इथे इंग्रज सैनिक झुलत्या पुलावरून पावलाला पाऊल मिळवून चालले. पुलाच्या हलण्याची लय त्यांना सापडली, त्यांनी मजेत ती आणखी पक्की केली आणि पूल त्यांना घेऊन नदीत बसला. तेव्हापासून इंग्रज फौजेत पुलावर पाऊल मोडून चालायचा हुकूम आहे. लंडनच्या आल्बर्ट पुलावर तशी पाटी आजही पाहायला मिळते. त्याच लंडनमध्ये मिलेनियम पूल १० जून २००० ला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला, कारण लोक नुसते चालले तरी तो डोलायला लागला. डोलणं थोपवणारी यंत्रं बसवून तो पुन्हा खुला व्हायला २००२ साल उजाडलं. दोन दिवसांत बंद! आपल्याकडे असता तर त्याचं नाव 'डोलता पूल' ठेवून बाहेर भुट्ट्याच्या गाड्या लागल्या असत्या.

या सगळ्यात एक पथ्य मात्र कडक पाळा. वर पाहू नका.

झुलत्या पुलावर पाहण्यासारखं सगळं खाली आणि बाजूला असतं. खाली गंगा, काठावर तेरा मजली मंदिर, राफ्टवाल्यांच्या पिवळ्या-निळ्या होड्या. वर काय असतं? मनोऱ्यावरून गेलेला जाड तारदोर, त्याला लटकलेल्या उभ्या सळ्या आणि त्या सळ्यांना टांगलेली, तुम्ही उभे आहात ती वाट. दोराची दोन्ही टोकं काठावर जमिनीत, दगडी बांधकामात गाडलेली. थोडक्यात, तुमचा जीव त्या दोराला टांगलेला असतो. फोटोत तो येत नाही, आलाच तर आकाशावर आडवी रेघ येते म्हणून हल्लीचे फोन ती पुसूनही देतात. चुकून एखाद्या सळीच्या बोल्टाकडे नजर गेलीच तर त्यावर रंगाचे इतके थर दिसतील की आटे कुठे संपले आणि रंग कुठे सुरू झाला ते कळणार नाही. छान वाटतं. चंदेरी असेल तर जास्तच छान वाटतं. आतल्या लोखंडाचं काय चाललंय हे विचारणं म्हणजे लग्नात नवऱ्यामुलाच्या पगाराची पावती मागणं. हक्क असतो, पण चारचौघांत कोणी मागत नाही.

फ्रान्समधल्या आंजे गावीही कोणी मागितली नाही. १८५० च्या एप्रिलमध्ये तिथल्या झुलत्या पुलावरून भर वादळात पलटण चालली होती. पावलं मोडून चालायची सूचना होती, पण वाऱ्याने पूल इतका हेलकावत होता की तोल सावरता सावरता सगळ्यांची पावलं एक झाली. पूल कोसळला आणि दोनशेहून अधिक सैनिक गेले. नंतर उकरून पाहिलं तर दगडी बांधकामात गाडलेला दोर आतल्या आत गंजलेला. जिथे कोणाची नजर पोचत नव्हती, नेमका तिथे.

ही झाली परक्यांची उदाहरणं. आपलं जवळचं आहे आणि त्यात मुंबईचाही धागा आहे. सौराष्ट्रातल्या मोरबीचा झुलता पूल तिथले राजे वाघजी ठाकोर यांनी बांधवून घेतला, सामान विलायतेहून आलं आणि २० फेब्रुवारी १८७९ ला त्याचं उद्घाटन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांनी केलं. मच्छू नदीवर, जेमतेम सव्वा मीटर रुंद. पुढे तो खाजगी कंपनीकडे देखभालीला दिला गेला. २०२२ मध्ये काही महिने बंद ठेवून दुरुस्ती झाली. लाकडी फळ्या गेल्या, ॲल्युमिनियमची चकचकीत जमीन आली, रंग लागला. मुख्य दोर बदलले नाहीत. ते वर होते.

२६ ऑक्टोबरला, गुजराती नववर्षाचा मुहूर्त गाठून, पूल खुला झाला. नगरपालिकेचं योग्यतेचं प्रमाणपत्र घेतलेलं नव्हतं, पण तिकीट होतं. मोठ्यांना १७ रुपये, लहानांना १२. पर्यटक म्हणून यातून घ्यायचा धडा असा की तिकीट आधी मागावं, प्रमाणपत्र मागू नये. खिडकीवरच्या माणसाकडे ते नसतंच आणि उगाच रांग खोळंबते. ३० ऑक्टोबर हा दिवाळीच्या सुटीतला रविवार. त्या दिवसभरात ३,१६५ तिकिटं गेली. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पुलावर तीनशेच्या आसपास माणसं होती. एका बाजूचा दोर तुटला. १३५ माणसं मेली, त्यात लहान मुलं पुष्कळ. विशेष तपास पथकाने तो दोर तपासला. त्यात ४९ तारा होत्या. २२ गंजलेल्या होत्या, म्हणजे त्या दिवसाच्या आधीच तुटलेल्या असाव्यात. ३,१६५ तिकिटांचा हिशोब उरलेल्या २७ तारांवर चालला होता.

त्यानंतर काय काय झालं तेही अभ्यासण्यासारखं आहे. जखमींना ठेवलेल्या सरकारी रुग्णालयाला बड्या पाहुण्यांची भेट ठरली म्हणून रातोरात रंग लागला. देखभाल करणाऱ्या कंपनीच्या एका व्यवस्थापकाने न्यायालयात ही भगवंताची इच्छा असल्याचं सांगितल्याच्या बातम्या आल्या. आणि पूल हलवणाऱ्या पोरांचा व्हिडिओ तर देशभर फिरला. हा व्हिडिओ फार मोलाचा. प्रत्येक ऐतिहासिक पुलावर असा एक तरी निघायला हवा, म्हणजे पुढे चौकशी वेळेत सुरू करता येते आणि योग्य माणसापासून सुरू करता येते. तुम्ही मघाशी पोरांना ताल धरायला लावला होता, आठवतं? त्यांचा व्हिडिओ तुमच्याच फोनमध्ये आहे. जपून ठेवा.

गुजरातमध्ये असं होतं, आपल्याकडे नाही, असं म्हणणारा एक जण प्रत्येक बसमध्ये असतो. त्याला कुंडमळ्याची आठवण करून देऊ नका, सहलीचा मूड जातो. मावळात इंद्रायणीवरचा तो जुना लोखंडी पूल ना झुलता होता ना ऐतिहासिक. धोकादायक असल्याचा फलक मात्र होता. १५ जून २०२५, पुन्हा रविवार, पाऊस लागलेला, पाणी बघायला लोटलेली पुण्याकडची गर्दी. पूल पडला, चार माणसं गेली. फलक शाबूत राहिला, त्यामुळे कागदोपत्री सर्वांना सूचना पोचली होती. फलक लावण्यात आपण कुठेच कमी पडत नाही. पूल पाडायला निविदा लागते, बांधायला निविदा लागते, दोर उघडून तपासायला निविदाच काय, माणूसही मिळत नाही. फलक संध्याकाळपर्यंत रंगवून येतो. शुद्धलेखन तपासायचं नसलं तर त्याआधीही.

तेव्हा फलकाशी कसं वागायचं तेवढं शिकून घ्या. 'एका वेळी इतक्याच व्यक्ती' असं लिहिलेलं असलं तर आपण व्यक्ती नसून कुटुंब आहोत, हे लक्षात ठेवा. आजीला हे सांगून पुढे करा, आजीला कोणी अडवत नाही. पहारेकरी असेलच तर तो शिट्टी फुंकेल. तीनचारदा फुंकून तो मोबाईल पाहायला बसेल, कारण त्याला पगार शिट्टीचा आहे, पुलाचा नाही. आणि तुमच्यातला कोणी अभियांत्रिकीचा विद्यार्थी, "काका, याची भार चाचणी शेवटची कधी झाली?" असं विचारायला लागला, तर त्याला बसमध्येच ठेवून जा. असल्या पोरांमुळे बाकीच्यांना चक्कर येते.

लक्ष्मणझुल्याशेजारी आता बजरंग सेतू उभा केलाय, त्याला दोन्ही कडांना काचेची पायवाट आहे. पाहा, काळ कसा पुढे गेला. आता तर खालीच पाहत राहायची सोय करून दिलीय. तिथे कोणी जोरजोरात उड्या मारून काच खरंच पक्की आहे का ते पाहत असेल तर त्याला नावं ठेवू नका. भार चाचणी म्हणतात ती हीच, फक्त पगार न घेता केलेली.

आणि एवढं करून लक्ष्मणझुला खरोखरच बंद निघाला, कुलूप लावलेला, पत्रे ठोकलेला, "बंद म्हणजे किती बंद"ला दाद न देणारा, तरी हिरमुसू नका. नदीच्या खालच्या अंगाला रामझुला आहे, १९८६ चा, लांबीने लक्ष्मणझुल्याहून मोठा. दुपारी जाऊ नका, ऊन तापलेलं असतं आणि माणसंही फारशी नसतात. पलीकडच्या काठावर परमार्थ निकेतनची गंगा आरती संपते ना, तेव्हा जा. सगळे एकदम परत निघतात.