नाना, ‘गाणं ऐका, घरात डोकावू नका’ या तुमच्या म्हणण्यावर

नाना, नमस्कार.

थाळनेरच्या, म्हणजे लता मंगेशकरांच्या आजोळच्या, लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते सावकाश वाचलं. दोन ओळींत उरकण्यासारखं ते नाही, म्हणून हे वेगळं उत्तर.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नानांचं म्हणणं असं, की लताबाईंच्या आजोळाबद्दल लिहिताना मी दीनानाथांची दोन लग्नं, आशाबाईंनी घरच्यांविरुद्ध जाऊन केलेलं लग्न, लताबाईंवरचा विषप्रयोग, रफीसाहेबांशी झालेला अबोला हे सगळं उकरत बसले. गाण्याशी त्याचा संबंध काय? या ओट्यावरच्या बायकांच्या गप्पा. टीव्ही-मोबाईलनं लोकांना ही खोड लावली. आणि एवढीच हौस असेल तर आपल्याकडच्या वही (डफावर म्हणायची खान्देशी लोकगीतं) गाणाऱ्यांच्या दारात जा, त्यांना कोण विचारतं? शेवटी नानांनी लिहिलंय, ‘रफीसाहेब गेले त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.’ त्या वाक्याकडे मी येणारच आहे.

आधी ओटा. तुमचा टोमणा मला लागला नाही, उलट कामाचा वाटला. आपल्याकडे नवी सून येवो, पाहुणा येवो, एसटीत शेजारी कुणी बसो, पहिला प्रश्न ठरलेला: कोनी आंडेर शे (कोणाची मुलगी)? गाव कोणतं? अमक्या पाटलांच्या तुम्ही कोण? माणूस कुठंतरी जोडला गेला की मग चहा, मग बाकीचं बोलणं. (या विचारण्यात जात काढून घेणंही असतं, ते मी झाकत नाही.) अनोळखी माणूस घरात घ्यायचा तर त्याला नात्यागोत्यात बसवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

आणि गाणारा माणूस तर न विचारता घरात येतो. आज्यांनी, आयांनी चुलीपाशी, जात्यापाशी, पुढे गॅसपाशी जो आवाज ऐकला, तो घरातल्या कित्येक माणसांपेक्षा जास्त ऐकला. नटाचा चेहरा तरी दिसतो. पार्श्वगायिकेचं तेही नाही. आवाज तिचा, ओठ दुसरीचे. मग लोक विचारणारच, ही कोणाची कोण?

आणि त्यांनी विचारलंही. १९४९ साली ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ आलं तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’. म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे विचारणा करून करून पिच्छा पुरवला, तेव्हा कंपनीकडून लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. ते गाणं लोकांना कमी पडलं होतं का? गाणं तर आजही पुरून उरतं. तरी गाणारी कोण हे त्यांना हवं होतं. ते लोक तुमच्या सल्ल्यानं वागले असते, तर तबकडीवर कामिनीच राहिली असती. पुढे फिल्मफेअरच्या समारंभात लताबाईंनी गायला नकार दिला, कारण पारितोषिक संगीतकाराला होतं आणि गाणाऱ्याला नव्हतंच. १९५९ पासून पार्श्वगायनाला ते सुरू झालं, तेव्हा पहिलं त्यांनाच मिळालं. या सगळ्याच्या मागे ‘ही कोण’ विचारणारे लोक उभे आहेत, नाना. ओट्यावरचेच.

थाळनेरचंही तेच. तापीकाठचं हे गाव एकेकाळी फारुकी राजांची राजधानी. १८१८ साली तिथल्या किल्ल्यानं इंग्रजांना तोंड दिलं आणि किल्लेदारासकट शिबंदी मारली गेली. पण पाहुण्याला थाळनेर ओळखून द्यायचं तर आपण म्हणतो, लताबाईंचं आजोळ. लताबाईंच्या आई, माई मंगेशकर, तिथल्या गुजराती घरातल्या, थोरली बहीण वारल्यावर त्याच दीनानाथांना दिलेल्या. हे सांगितल्याशिवाय आजोळ कसं सांगू? लताबाईंनी आजीकडून गुजराती गाणी, गरबे ऐकले ते याच नात्यानं. दोन लग्नांचा मजकूर तुम्हाला चहाटळपणा वाटला. माझ्या मते तो नसता तर लेख ‘थोर गायिकेचे खान्देशाशी ऋणानुबंध’ अशा थाटाचं सत्काराचं भाषण झाला असता.

आता मोबाईल. फ्रान्झ लिस्ट नावाचा पियानो वाजवणारा १८४०च्या दशकात बर्लिनमध्ये गेला, तेव्हा बायका त्याच्या पियानोच्या तुटलेल्या तारा आणि ओढून टाकलेली चिरुटाची थोटकं जपून ठेवत. हाइने या कवीनं १८४४ मध्ये त्या वेडाला लिस्टचंच नाव दिलं. वीजसुद्धा नव्हती तेव्हा. लांब कशाला, आपले बालगंधर्व घ्या. लहानपणी जळगावात राहिले, मेहबूबखाँकडे गाणं शिकले, म्हणून आपण त्यांनाही आपल्यात धरतो. त्यांच्यासारखी साडी नेसणं, त्यांच्यासारखी फुलं माळणं हे चांगल्या घरच्या बायकांनी केलं, पुरुषांनी गंधर्व टोपी घातली. १९११ साली ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली आणि त्यांनी प्रयोग थांबवू दिला नाही, ही हकिकत शंभर वर्षं तोंडातोंडी फिरतेय. का फिरते? मला वाटतं, एवढा गळा कुणाला फुकट मिळत नाही, त्याचं काहीतरी मोजावं लागलं असणार, अशी लोकांची आतून खात्री असते. ती किंमत कळली की त्या माणसाबद्दलची असूया गळून पडते आणि माया उरते. विठाबाई नारायणगावकरांचं तेच. तमाशाच्या राहुटीमागं बाळंत होऊन, दगडानं नाळ तोडून त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हे ज्याला ठाऊक नाही असा तमाशाचा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण.

मात्र नातं जोडलं की नातेवाइकासारखे हक्कही गाजवले जातात, आणि इथं तुमच्या म्हणण्यात जोर आहे. गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या आयुष्यात आल्या तेव्हा कित्येक रसिक असे चिडले, जणू त्यांच्याच घरातला मुलगा बिघडला. कंपनी कर्जात आधीपासून होती, बोलपटांनी नाटकवाल्यांचे दिवस भरत आणले होते, पण बोल लागला गोहरबाईंना. त्या स्वतः उत्तम गात, हे बोलायलाच कुणी तयार नव्हतं. आशाबाईंनाही हेच भोगावं लागलं. सोळाव्या वर्षी केलेलं लग्न, ते मोडणं, पोरं पदरात घेऊन परत येणं, यावर ज्यांनी तोंड सोडलं तेच संध्याकाळी त्यांची गाणी लावत. हा वाईटपणा कुतूहलात आहे. नवा नाही, आणि तो फक्त बायकांच्या ओट्यावर नसतो. पानटपरीवर जास्त असतो.

रफीसाहेब आणि लताबाईंचा अबोला मात्र मी गप्पांत धरत नाही. तो मजुरीचा प्रश्न होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंचं म्हणणं होतं की तबकडी विकली जाईल तोवर गाणाऱ्यालाही वाटा मिळावा. रफीसाहेब म्हणाले, गायलो, पैसे घेतले, हिशेब संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. तुम्ही कापूसवाले आहात, तुम्हाला हे कुणी समजावून द्यायला नको. कापूस एकदा जिनिंगला घातला की त्याचं पुढे धोतर झालं का महागडी साडी, शेतकऱ्याला त्यातला पैसा नाही. रफीसाहेब त्या रीतीनं चालले, लताबाईंनी ती रीतच मोडायला काढली. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलून गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा पक्का हक्क मिळाला आणि कलावंतांच्या वाट्याचीही सोय झाली, त्याची पाळंमुळं अशा भांडणांत आहेत. ‘खासगी’ म्हणून हे झाकलं, तर फायदा कंपन्यांचाच होतो.

वही गाणाऱ्यांबद्दल तुम्ही विचारलंत ते खरं तर मलाच बोचतं. त्यांच्या आयुष्याबद्दल कुणाला कुतूहल नाही, कारण आपल्याला ते आधीच ठाऊक असतं. कोणाचा मुलगा, सोसायटीचं कर्ज किती, मोठा पोरगा सुरतेला का गेला, डफ कोणाकडून आणला. ओळखीचा माणूस वर ओट्यावर बसवता येतो, पण त्याच्याकडे मान वर करून बघणं जमत नाही, आणि मग बिदागी देतानाही हात आखडतो. जवळचा गाणारा असा मरतो. आता यूट्यूबवर अहिराणी गाणी म्हणणारी जी पोरं आहेत, त्यांचं मधलंच काहीतरी झालंय. आवाज मोबाईलमधून येतो आणि घर मात्र दोन गावं पलीकडे. लोक मोटारसायकल काढून सेल्फीला जातात. लग्नात एकच गाणं तीनदा लावतात आणि जेवताना त्या पोराला हळद लागली का याची चौकशी करतात. मला त्यात वाईट दिसत नाही. त्याच चौकशीमुळे त्याला पुढची सुपारी मिळते. वहीवाल्यांना तेवढं अंतर कधी मिळालं नाही.

आता तुमचं शेवटचं वाक्य. ३१ जुलै १९८० ला रफीसाहेब गेले आणि तुम्ही जेवला नाहीत. नाना, त्या दिवशी तुमच्याकडची एकही तबकडी कमी झाली नव्हती. रेडिओवर तर नेहमीपेक्षा जास्त गाणी लागली असतील. गाण्यापुरतंच नातं होतं म्हणता, मग गेलं काय? हे मी तुम्हाला शब्दांत पकडायला विचारत नाही. तुम्ही त्यांना कधी भेटला नसाल, त्यांना तुमचं नावही ठाऊक नसणार, आणि तरी घरात सुतक होतं. १९५६ साली हॉर्टन आणि वोल या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी अशा एकतर्फी ओळखीवर निबंध लिहिला. रेडिओ-टीव्हीवरचा माणूस रोज आपल्याशी बोलतोय असं वाटत वाटत तो सोबती होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी शोधून काढलं ते तुम्ही शिंदखेड्यात बसून केलंत. आणि ज्या माणसासाठी उपास घडला, तो घरी कसा होता, दारूला शिवत नव्हता, पतंग उडवायची हौस होती, हे तुम्ही कुठंतरी वाचलं असणार आणि वाचून बरं वाटलं असणार.

लेखातून दोन गोष्टी काढा असं तुम्ही सुचवलंत. आशाबाईंच्या लग्नाचा परिच्छेद काढणार नाही. त्या स्वतः त्याबद्दल मोकळेपणानं बोललेल्या आहेत. विषाचाही काढणार नाही. १९६२ साली आपल्याला हळूहळू विष दिलं गेलं हे लताबाईंनीच मुलाखतीत सांगितलं, आणि त्या अंथरुणाला खिळल्या होत्या त्या काळात गीतकार मजरूह सुलतानपुरी रोज संध्याकाळी येऊन त्या खातील तेच खायचे, हेही त्यांनीच. कोणी दिलं असेल यावर मात्र खाली प्रतिक्रियांत जे तर्क सुरू झालेत, नावं घेतली जाताहेत, ते मी आज रात्री उडवते आहे. लताबाईंनी लग्न का केलं नाही यावरचेही. घरची जबाबदारी होती एवढंच त्यांनी त्यावर सांगितलं; त्यापलीकडचं आपल्याला विचारायला आता त्या नाहीत.