शोक करावा तर लांबचा

सामना जिंकला की ‘आपण जिंकलो’ म्हणावे आणि हरला की ‘ते हरले’ म्हणावे, हा चाहत्याच्या व्याकरणाचा पहिला नियम तुम्हाला कोणी शिकवला नसताही तुम्ही तो बिनचूक पाळता, याबद्दल आधी तुमचे अभिनंदन. या नियमाला शास्त्राचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की अमेरिकेतील विद्यार्थी आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे अधिक प्रमाणात घालून येतात, आणि विजयाविषयी बोलताना ‘आम्ही’ हे सर्वनाम त्यांच्या तोंडी पराभवाच्या वेळेपेक्षा सहज येते. तेव्हा मैदानावर घाम दुसऱ्याने गाळला असला तरी विजयातला आपला वाटा निःसंकोच उचलावा. पराभवाचे ओझे वाहायला अकरा जण पुरेसे आहेत.

खऱ्या चाहत्याने आपल्या जन्मापूर्वीची दुःखेही स्वतःची मानावीत. 14 ऑगस्ट 1948 रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाचे फलंदाज डॉन ब्रॅडमन यांना कसोटी कारकिर्दीत शंभराची सरासरी गाठायला अवघ्या चार धावा हव्या होत्या आणि इंग्लंडचे गोलंदाज एरिक हॉलिस यांच्या दुसऱ्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडाला, ही गोष्ट सांगताना आवाज किंचित कापला पाहिजे. 99.94 हा त्यांच्या अंतिम सरासरीचा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी आला पाहिजे. मात्र शेजारच्या दारावरच्या पाटीवर काय लिहिले आहे, असे कोणी विचारलेच, तर स्मरणशक्तीला मर्यादा असतात हे त्याला शांतपणे समजावून सांगावे.

शेजाऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर चाललेल्या सामन्यात निर्णायक गोल झाल्यावर जी आरोळी आपोआप निघते ती दाबू नये, त्याने प्रकृतीवर परिणाम होतो. भिंतीपलीकडून कोणी दोनदा ठोकले तर तो निषेध आहे असा गैरसमज करून घेऊ नये. तो प्रेक्षकांचा प्रतिसाद समजावा आणि पुढच्या आरोळीच्या वेळी तो आला नाही तर थोडे चुकल्याचुकल्यासारखे वाटू द्यावे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे प्रसिद्ध माणसांच्या मृत्यूकडे वळू. येथे वेग हे सर्वस्व आहे. ‘एका युगाचा अंत’ आणि ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ हे दोन शब्दप्रयोग हाताशी तयार ठेवावेत, म्हणजे कोणते युग आणि कसली पोकळी हा तपशील नंतर भरता येतो. बातमीची खात्री करण्यात वेळ दवडणारा माणूस श्रद्धांजलीच्या रांगेत शेवटी उभा राहतो. ऑगस्ट 2023 मध्ये झिंबाब्वेचा माजी कर्णधार हीथ स्ट्रीक गेल्याची बातमी जगभर पसरली, त्याचा जुना सहकारी हेन्री ओलोंगा यानेही श्रद्धांजली वाहिली, आणि थोड्याच वेळात खुद्द स्ट्रीकचाच निरोप आल्यावर, तिसऱ्या पंचाने त्याला परत बोलावले आहे, असे सांगून ती मागे घेतली. सहकाऱ्याला आपली चूक दुरुस्त करावीशी वाटली, तो त्याचा प्रश्न. चाहत्यावर असे बंधन नाही. पुढे 3 सप्टेंबरला स्ट्रीक खरोखरच गेला, वयाच्या 49 व्या वर्षी, तेव्हा दूरदृष्टीच्या मंडळींना केवळ तारीख बदलावी लागली असणार.

शोकाचे नियोजन कधीकधी कोसळते, त्याचीही तयारी असावी. 4 मार्च 2022 रोजी ऑस्ट्रेलियाचे यष्टिरक्षक रॉड मार्श गेले. ऑस्ट्रेलियाचाच फिरकी गोलंदाज शेन वॉर्न याने त्यांच्याविषयी हळहळ व्यक्त करणारे चार शब्द लिहिले आणि काही तासांतच थायलंडमध्ये तो स्वतः, वयाच्या 52 व्या वर्षी, गेला. मार्श यांच्यासाठी काढलेले अश्रू अर्ध्यावर थांबवून वॉर्नकडे वळवणे हे कसबाचे काम होते. कसोटीतल्या 355 बळींच्या मागे उभा असलेला माणूस 708 बळींच्या सावलीत गेला, आणि त्यात कोणाचीच चूक नव्हती. त्या दिवशी वॉर्नचा इंग्लंडच्या माइक गॅटिंगला टाकलेला गाजलेला 1993 चा चेंडू आठवावा. 2003 मध्ये बंदी घातलेल्या औषधामुळे विश्वचषक सोडून त्याला घरी परतावे लागले होते, ते आठवू नये. मेलेल्या माणसाचे दोष काढू नयेत, हा नियम उत्तमच आहे. जिवंतपणी आपण त्याला काय काय म्हणालो होतो, हेही त्याच नियमात बसवून टाकावे.

यावरून कळते की मरणाऱ्याने दिवस पाहून मरावे. आल्डस हक्सली आणि सी. एस. लुईस हे दोघे नामवंत लेखक 22 नोव्हेंबर 1963 रोजी वारले, पण त्याच दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांची हत्या झाली होती, त्यामुळे या दोघांकडे लक्ष द्यायला जगाला सवड मिळाली नाही.

तुमच्या भिंतीपलीकडचे गृहस्थ नेमके याच बाबतीत चुकले. तुमचा आवडता खेळाडू गेला त्याच संध्याकाळी ते गेले. जिन्यात गर्दी दिसली तेव्हा तुम्ही खेळाडूच्या जुन्या छायाचित्रांतून योग्य छायाचित्र निवडण्यात गुंतला होता, आणि दारापर्यंत जाऊन परत येईपर्यंत दुसऱ्या कोणीतरी तेच छायाचित्र आधी लावले असते. तुम्ही गेला नाहीत, हे योग्यच केलेत. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी 1956 मध्येच दाखवून दिले होते, की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचे एकतर्फी पण जवळिकीचे नाते जुळते, आणि या नात्याची सोय अशी की तो माणूस तुमच्याकडे शिडी मागायला येत नाही, तुमच्या गाडीमुळे त्याची वाट अडत नाही आणि त्याच्या घरी भेटायला गेल्यावर काय बोलावे हा प्रश्नच उद्भवत नाही.

तरीही चार दिवसांनी जिन्यात त्यांच्या पत्नी समोर आल्याच, तर ‘फार वाईट झाले’ एवढेच म्हणावे आणि घाईत असल्याचे दाखवावे. ‘कोणाबद्दल?’ असे त्या विचारणार नाहीत. त्यांनी त्या रात्री तुमच्या घरातून खेळाडूच्या गाजलेल्या सामन्याचे पुनःप्रक्षेपण सुरू असल्याचे ऐकलेले असते. पाटीवरचे नाव मात्र एकदा वाचून घ्यावे, घर रिकामे झाले की ती काढली जाईल.

शनिवारी पुन्हा रात्रीचा सामना आहे. आवाज हवा तितका ठेवा. नवा भाडेकरू येईपर्यंत त्या भिंतीवर कोणी ठोकणार नाही.