ते विचार करत होते, एवढंच

आज दिवसभर ट्रेनिंग होतं. विषय : आंतरसांस्कृतिक संवाद आणि वाटाघाटी. सल्लागार सरांनी स्वतःची ओळख करून द्यायलाच पस्तीस मिनिटं घेतली. किती देश फिरले, किती सर्टिफिकेटं मिळाली, कुठल्या कुठल्या कंपन्यांचे लोगो. मी निमूट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "सर, तुमच्या स्वतःच्या चुकीमुळे एखादा सौदा हातचा गेलाय का?" हसले. म्हणाले, "छान प्रश्न, शेवटी घेऊ." शेवट आला. प्रश्न काही आला नाही.

का विचारलं ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी जपानी खरेदीदारांसमोर मी आमचा दर सांगितला आणि खोली एकदम गप्प झाली. त्यांच्यातले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ टेबलाकडे बघत बसलेले. मला ती शांतता सोसेना. मीच म्हटलं, पाच टक्के कमी करू. पुन्हा शांतता. मी आठवर गेले. आठ! कोणी मागितले होते? बाहेर आल्यावर दुभाषी बाई हळूच म्हणाल्या, "अहो, ते नाही म्हणत नव्हते. विचार करत होते, एवढंच."

आणि आजची स्लाइड काय म्हणते? 'जपानी लोक शांततेला महत्त्व देतात.' शेजारी चेरीची फुलं. पुढची स्लाइड : जर्मन वक्तशीर. संपला जर्मनी! मग देशोदेशीचे गुण दाखवणारे रंगीत तक्ते. अहो, हे आकडे आले कुठून ते तरी सांगा. गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकानं १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखभर प्रश्नावल्यांतून त्याची सुरुवात झाली. एकाच कंपनीची माणसं! आणि सरासरी देशाची असते, समोर बसलेल्या माणसाची नव्हे, हे तोही बजावत होता. ती ओळ मात्र कुणाच्याच स्लाइडवर नसते.

बरं, मान्य. असलं एखादं ट्रेनिंग तेव्हा झालं असतं तर माझे आठ टक्के कदाचित वाचले असते. कदाचित.

पण एडवर्ड हॉल हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आठवतो. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या मुत्सद्द्यांना शिकवायचा. ते लोक संस्कृतीच्या थिअरीला कंटाळले. तिकडे गेल्यावर नेमकं वागायचं कसं ते सांगा म्हणाले. म्हणून तो आवाज, हावभाव, वेळ, दोन माणसांमधलं अंतर अशा बारीक गोष्टींकडे वळला. विद्यार्थ्यांच्या कुरकुरीतून हा विषय उभा राहिला, आणि आमच्या सरांना एक प्रश्न झेपला नाही.

त्या दुभाषी बाईंनी मला दोन शब्द दिले, ते कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त पुरले. एक 'हाय'. आपण त्याचा अर्थ 'होय' धरून खूश होतो. पुष्कळदा तो फक्त 'ऐकतोय' असतो. दुसरा 'नेमावाशी'. झाड दुसरीकडे लावण्याआधी त्याची मुळं सावकाश तयार करून घेतात, तसं बैठकीआधीच एकेकाशी बोलून मत जुळवत आणायचं. म्हणजे त्या दिवशी तिथं निर्णय होणारच नव्हता! ते परत जाऊन आपल्या माणसांशी बोलणार होते. मी आठ टक्के दिले ते कोणाला, खोलीतल्या शांततेला?

असो. सरांवर जरा जास्तच घसरले. चहाच्या वेळी ते स्वतःहून आले, "तुमच्या सौद्यात काय झालं होतं?" म्हणाले. मी सगळं सांगितलं. मनापासून ऐकलं त्यांनी, मध्ये एकदाही तोडलं नाही. बरं वाटलं. मग वही काढून लिहून घेतलं. तेव्हापासून मनात येतंय, पुढच्या बॅचला हा किस्सा यांच्या नावावर जमा होणार. होऊ दे. फक्त आठचे पाच करू नका म्हणावं.

उद्या रोल-प्ले आहे. मला जपानी खरेदीदार केलंय, आणि समोर विक्रेते म्हणून सर स्वतः बसणार आहेत. दर सांगून झाला की मी टेबलाकडे बघत बसणार आहे.