दहावीनंतर तबला कुठे जातो?

डोंबिवलीत माझ्या भाच्याचा तबला माळ्यावर गेला. दहावी झाली, गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांमुळे मिळायचे ते वाढीव गुण पदरात पडले आणि अकरावीचा क्लास सुरू झाला. घरच्या ग्रुपवर त्यावरून दोन दिवस जुंपली होती. काकांचं म्हणणं, कलेला दहावीत गुण देणंच बंद करा, पोरं मार्कांपुरती वाजवतात. बहीण म्हणाली, "काका, नुसतं बोलायला तुमचं काय जातं? मार्क नसते तर त्याने तबल्याला हातही लावला नसता."

मला बहिणीचं पटतं. लोभाने का होईना, पोरगा चार वर्षं ठेका धरून बसला. माझी तक्रार पुढची आहे. ज्याला कलाकार व्हायचं नाही पण वाजवायचंय, त्याने सोळाव्या वर्षी जायचं कुठे?

मी राहतो त्या फिलाडेल्फियात १९०८ साली दोन तरुणींनी स्थलांतरितांच्या वस्तीत पियानो शिकवायला सुरुवात केली. फी पाच सेंट. तीच आजची सेटलमेंट म्युझिक स्कूल. तिच्या वरच्या वर्गातून १९२४ साली जगप्रसिद्ध कर्टिस इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिक निघाली. हुशार मुलं तिकडे गेली, तरी बाकीच्यांसाठी शाळा चालूच राहिली. मला तिचं मोठेपण यात वाटतं. तिथे लहान मुलं येतात तशी नोकरदार माणसंही चौकडी जमवून वाजवायला येतात.

म्युझिक थेरपी, म्हणजे संगीतातून उपचार, हीही तिथे आहे. 'अमुक राग ऐका, रक्तदाब उतरेल' या आपल्याकडच्या फॉरवर्डशी तिचा संबंध नाही. याच शहरात जन्मलेले पॉल नॉर्डॉफ आणि त्यांचे सहकारी क्लाइव्ह रॉबिन्स यांनी रुजवलेल्या पद्धतीत मूल ड्रमवर जसं मारेल तसा थेरपिस्ट आपला पियानो वळवतो. मूल थांबलं की तोही थांबतो. तबलजीला हे समजावून सांगावं लागणार नाही. ही साथच आहे, फक्त गवई सात वर्षांचा आणि कदाचित न बोलणारा.

इथेही सगळं गोड नाही. २०१३ मध्ये पैशांच्या चणचणीत इथल्या सरकारी शाळांनी हजारो कर्मचारी काढले, त्यात संगीतशिक्षकही गेले. शाळांच्या कोठारांत हजारावर मोडकी वाद्यं पडून होती. २०१७ च्या डिसेंबरात संगीतकार डेव्हिड लँग यांनी खास त्यांच्यासाठी रचना केली आणि सुमारे चारशे वादकांनी ती वाद्यं तशीच, मोडकी वाजवली. ज्यातून सूर निघत नव्हता त्यातून निदान फुंकर तरी ऐकू येत होती. मग लोकांनी वर्गणी काढली, वाद्यं दुरुस्त झाली आणि पुन्हा शाळांत गेली.

आपल्याकडे वर्गणी काढायची सवय नाही, असं कोण म्हणेल? मंडपाला निघतेच. लोकलच्या डब्यात भजनी मंडळं टाळ घेऊन उभी असतात, त्यांना ना फी ना परीक्षा. पण महापालिकेच्या शाळा संध्याकाळी कुलुपात आणि भाचा क्लासमध्ये.

परवा बहिणीला म्हटलं, तबला खाली काढ. तिने फोटो पाठवला. पुडी फाटलीय, शाई उडालीय. म्हटलं, बदलायला टाक, पैसे मी देतो.

"टाकते," ती म्हणाली, "पण वाजवणार कुठे आणि कुणाबरोबर?"

तिला तिच्या मेसेजखाली निळ्या खुणा दिसत असतील. उत्तर अजून दिलेलं नाही.