रोझा पार्क्स दमलेली नव्हती, आणि क्लॉडेट कोल्विनचं नाव आपल्याला माहीतही नाही

मागच्या महिन्यात अलाबामातल्या माँटगोमेरीला जाऊन आले. अटलांटापासून गाडीने अडीच तास, अकरा वर्षं इथे राहतेय आणि एकदाही गेले नव्हते. गेले ती ऑफिसातल्या मैत्रिणीमुळे. ती ब्लॅक आहे, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, आणि डबा खाताना आमचं सगळं बोलणं होतं, सासरचं, पोरांच्या मार्कांचं, पाळी जायच्या वयातल्या त्रासांचं, सगळंच. एक विषय सोडून. तो तिनेच काढला एका दुपारी. म्हणाली, तुमच्या घरांमध्ये आमच्याबद्दल काय बोलतात गं? मला बरं वाटावं म्हणून नको, खरं असेल ते सांग.

मी आधी सारवासारव केली. मग सांगितलं. घर बघताना 'एरिया कसा आहे' असं आम्ही विचारतो तेव्हा आम्हाला नेमकं काय विचारायचं असतं ते सांगितलं. आपसात मराठीत बोलताना कुठला शब्द वापरतात तो सांगितला. मुलीने कुणाला डेटवर नेलेलं चालेल आणि कुणाला नाही याची जी न बोललेली यादी प्रत्येक घरात असते, ती सांगितली. माझ्या स्वतःच्या रंगावरून लहानपणी मला काय काय ऐकावं लागलं, हळद-डाळीचं पीठ किती चोळलं, तेही सांगितलं. ती ऐकत होती, चिडली नाही, तिला यातलं काही नवीनच नव्हतं. मग म्हणाली, आमच्यातलंही सांगते आता, आणि तिने क्लॉडेट कोल्विनची गोष्ट सांगितली.

तोपर्यंत मला रोझा पार्क्सच तेवढी माहीत होती, तीसुद्धा लेकीच्या शाळेच्या पुस्तकातली. दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक साधी बाई, पाय दुखत होते म्हणून बसमधली सीट सोडली नाही, आणि त्यातून चळवळ सुरू झाली. हे मी बोलले तेव्हा मैत्रिणीने चमचा खाली ठेवला. ती दमलेली नव्हती, म्हणाली. आणि खरंच, रोझा पार्क्सनी स्वतः सांगून ठेवलंय की शरीराने दमले नव्हते, सतत झुकून झुकून दमले होते. वय ४२. एनएएसीपी, म्हणजे ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना, तिच्या माँटगोमेरी शाखेची ती सेक्रेटरी होती. १९४४ मध्ये अ‍ॅबेव्हिल गावात रेसी टेलर नावाच्या २४ वर्षांच्या बाईवर चर्चमधून घरी येताना गोऱ्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा चौकशीला एनएएसीपीने पाठवलं ते रोझा पार्क्सना. खटला उभाच राहू दिला नाही, आणि अलाबामाच्या विधिमंडळाने माफी मागितली ती २०११ मध्ये! म्हणजे बसमध्ये बसलेली ती बाई किमान अकरा वर्षं हे काम करत होती. तिला 'पाय दुखणारी बाई' करून टाकणं म्हणजे तिचं डोकं, तिची हिंमत, तिचं राजकारण सगळं पुसून फक्त पाय ठेवणं. मला हे ऐकून फार राग आला आणि अजून तो गेलेला नाही.

आता क्लॉडेट. २ मार्च १९५५, म्हणजे पार्क्स यांच्या अटकेच्या नऊ महिने आधी. वय १५. किंग हिल या गरीब वस्तीतली मुलगी, शाळा सुटल्यावर बसने घरी चाललेली. त्या बसचे नियम ऐकले तरी अंगावर काटा येतो. पुढच्या दहा सीट गोऱ्यांच्या, रिकाम्या असल्या तरी बसायचं नाही. पैसे पुढच्या दाराने चढून ड्रायव्हरला द्यायचे, मग खाली उतरायचं आणि मागच्या दाराने परत चढायचं. पुढच्या सीट भरल्या आणि गोरा माणूस उभा राहिला तर मागच्यांनीही उठायचं. क्लॉडेट उठली नाही. फेब्रुवारीत शाळेत ब्लॅक इतिहास शिकवला होता, आणि नंतर तिने सांगितलं की एका खांद्यावर हॅरिएट टबमनचा आणि दुसऱ्या खांद्यावर सोजर्नर ट्रुथचा, म्हणजे गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या दोन ब्लॅक बायकांचा, हात आहे आणि त्या दोघी मला खाली दाबून बसवतायत असं वाटत होतं. पोलिसांनी तिला ओढून बाहेर काढलं, हातकड्या घातल्या, आणि शाळकरी मुलीला मोठ्यांच्या जेलमध्ये टाकलं.

तिची केस का नाही लढवली? अपिलात वेगळ्या सीटांच्या कायद्याचं कलम काढून टाकलं आणि फक्त पोलिसाला मारहाण केल्याचं ठेवलं, त्यामुळे त्या कायद्याला आव्हानच देता येईना, हे एक कारण खरंच होतं. पण ते एकच नव्हतं. पोरगी लहान आहे, तोंडाळ आहे, भावनेच्या भरात काहीही बोलेल. गरीब वस्तीतली. रंगाने गडद. आणि त्याच वर्षी ती लग्नाशिवाय गरोदर राहिली, मग तर विषयच संपला. क्लॉडेटने पुढे म्हातारपणी स्पष्ट सांगितलं, की पार्क्स यांचा रंग, त्यांचं दिसणं मध्यमवर्गीय वाटायचं म्हणून त्या लोकांना चालणाऱ्या होत्या. यात पार्क्स यांच्यावर राग नाही, त्या तर एनएएसीपीच्या युवा शाखेत क्लॉडेटला शिकवायच्या.

मला इथे आपलीच मंडळी दिसायला लागली. 'चांगल्या घरातली'. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. बाईवर अन्याय झाला की आधी तिची पत्रिका बघायची, किती वाजता बाहेर होती, कपडे काय, बोलते कशी, आणि बोट ठेवायला कुठेच जागा नसेल तरच तिच्यासाठी रस्त्यावर उतरायचं. पुढारी कचाट्यात होते हे मला कळतं, गोऱ्या पेपरांनी त्या पोरीच्या पोटावरून सगळ्या चळवळीची चाळण केली असती. तरीही मी क्लॉडेटच्या बाजूने आहे. अन्याय सीटवरून झाला होता, चारित्र्यावरून नाही.

आणि शेवटी गरज पडली तेव्हा उभी कोण राहिली? पार्क्स यांच्या अटकेनंतर माँटगोमेरीच्या ब्लॅक लोकांनी बसवर बहिष्कार घातला, पण बसचा कायदा मोडला तो बहिष्काराने एकट्याने नाही, ब्राउडर विरुद्ध गेल या खटल्याने. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनल्ड, मेरी लुइस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन. खटला भरणाऱ्या या चौघी बायका. घरी काही आठवड्यांचं बाळ ठेवून १६ वर्षांच्या क्लॉडेटने फेडरल कोर्टात साक्ष दिली. नोव्हेंबर १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल कायम केला आणि ३८१ दिवसांचा बहिष्कार डिसेंबरात संपला. नंतर ती न्यूयॉर्कला गेली आणि मॅनहॅटनच्या एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळीने आजारी माणसांचं करत राहिली, कितीतरी वर्षं सोबतच्या लोकांना पत्ताही नव्हता. तिच्यावरचा तो १९५५चा ठपका कोर्टाच्या रेकॉर्डमधून पुसला गेला २०२१ मध्ये. ८२ वर्षांची होती तेव्हा.

बहिष्कार सुद्धा आपण समजतो तसा एका भाषणातून उभा नाही राहिला. जो अ‍ॅन रॉबिन्सन, कॉलेजात इंग्रजी शिकवणारी बाई, विमेन्स पोलिटिकल कौन्सिलची अध्यक्ष, तिने १९५४ मध्येच महापौराला पत्र लिहून बजावलं होतं की लोक बस सोडतील. पार्क्सना अटक झाली त्या रात्री ती कॉलेजात गेली आणि पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइलवर हजारो पत्रकं काढली. आणि जॉर्जिया गिल्मोर! ही स्वयंपाकीण. बायका घरोघरी चिकन तळायच्या, रताळ्याचे 'पाय' (pie, गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि केक करून विकायच्या, आणि सभेत ती पैसे आणून द्यायची. कुणाचे पैसे म्हटलं तर 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', कुठलेच नाहीत, कारण नाव कळलं तर गोऱ्या मालकिणीकडची नोकरी जाणार. कोर्टात साक्ष दिल्यावर गिल्मोरची स्वतःची नोकरी गेलीच. १९९० मध्ये, ब्लॅक लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्च्याला २५ वर्षं झाली तेव्हा मोर्चेकऱ्यांसाठी स्वयंपाक करत असतानाच ती गेली, आणि ते केलेलं जेवण घरच्यांनी समाचाराला आलेल्या लोकांना वाढलं. हे वाचताना मला आमच्या गल्लीतल्या काकू आठवल्या, कुणाकडे काही झालं की न सांगता पिठलं-भाकरी घेऊन हजर.

माँटगोमेरीत कोर्ट स्क्वेअरला रोझा पार्क्सचा पुतळा आहे, आपल्याच उंचीचा, हातात पर्स. तिथे जवळच त्या चौघींच्या नावाचे चार ग्रॅनाइटचे दगड आहेत. मी अर्धा तास तिथे होते. लोक येत होते, पुतळ्याबरोबर फोटो काढत होते, आणि दगडांना वळसा घालून जात होते. मी क्लॉडेटच्या दगडावर हात ठेवला, उन्हाने चटका बसेल इतका तापला होता.

आणि हे आपल्यालाही लागू होतं म्हणून लिहितेय. १९६५ च्या आधी भारतातून वर्षाला साधारण शंभर माणसांनाच इथे कायमचं राहायला येता यायचं. तो कोटा १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने गेला आणि तो कायदा सिव्हिल राइट्सच्या, म्हणजे ब्लॅक लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या वाऱ्यातूनच आला. आपली घरं, आपले ग्रीन कार्ड, आपली मंडळं, सगळं त्या बायकांनी चालत काढलेल्या ३८१ दिवसांना लागून आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतली गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून! आणि त्याच मराठीत आपण इथे, त्यांच्या शेजारी राहून, जेवणाच्या टेबलावर काय बोलतो? मुलं मराठी बोलत नसली तरी त्यांना तेवढं बरोब्बर कळतं.

मंडळाच्या मराठी शाळेत मी वीस मिनिटं मागून घेतलीयत, येत्या रविवारची. मैत्रीणही येतेय. मुलं लहान आहेत तर रताळ्याच्या पायपासून सुरू करू असं तिचं म्हणणं आहे, आणि पाय मी करणार आहे, तिने फोनवर सांगितलंय तसा, जायफळ जरा जास्त घालून.